मामाच्या गावची लौकी

प्रेमलालच्या अंगणात वर्षातून एकदा बायका जमायच्या. बियाण्यासाठी. हे सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून बरं, नाहीतर एकट्या पुरुषाच्या दारात लेकीसुना आणि म्हाताऱ्या दिवसभर ठिय्या देऊन बसल्या आहेत, हे आमच्या गावानं मुकाट्यानं गिळलं असतं थोडंच!

रामपायलीच्या वाटेवरचं आमचं गाव तसं धानाचं. पण प्रत्येक घराच्या मागे बाडी असते. भाजीपाल्याचा तो तुकडा बायकांचा, आणि त्या तुकड्यात पडणारं बी प्रेमलालच्या घरचं. अक्तीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण आला की बायका पदरात मूठभर तांदूळ नाहीतर मीठ बांधून यायच्या, ते त्याच्या सुपात टाकायच्या, आणि दोडका, कारलं, सेमी म्हणजे वाल, कोहळं, लौकी, जिला जे हवं ते बी घेऊन जायच्या. विकायचं नाही आणि फुकट न्यायचंही नाही. पीक आलं की आपल्या वेलावरचं एक जून फळ त्याच्या घरी आणून द्यायचं. ही रीत त्याच्या मायनं घातलेली. माय गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे संपलं. पण पुढच्या अक्तीला हा पन्नाशीचा गडी अंगणात सडा घालून, गोणपाट अंथरून, माय बसायची त्याच खांबाला टेकून बसला. पुरुष हसले. बायकाही हसल्या, पण त्या आत येऊन बसल्या.

लग्न झालं होतं त्याचं. बायको एक पावसाळा राहिली, माहेरी गेली आणि कटंगीकडे दुसरं घर करून मोकळी झाली. का गेली ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारायचं कधी सोडलं नाही. दोन एकर धान तो भाच्याला वाट्यानं द्यायचा आणि आपण बाडीत राबायचा. आमच्याकडे दुधीला लौकी म्हणतात. ती वेलावर जून करायची, साल खुटखुटीत वाळेपर्यंत चुलीवरच्या आढ्याला टांगायची, धुरानं काळी झाली की विळ्याच्या मुठीनं फोडायची. बी चाळायचं, पोकळ ते वेगळं काढायचं, भरल्या बियाला शेणीची राख चोळून मडक्यात बांधून ठेवायचं. या कामात त्याची बोटं नेहमी राखाडी असत. हे सगळं तो एकट्यानं करायचा, आणि ते सारं त्या चार दिवसांसाठी, जेव्हा त्याच्या अंगणात भांडणं, खिदळणं, पोरांचं रडणं आणि सासवांच्या चुगल्या एकदम सुरू व्हायच्या. तो मधे एक शब्द बोलायचा नाही. नुसता चहा ठेवत राहायचा.

मग एका साली घात झाला.

समोरच्या घरात गीता राहते. नवरा बाबूलाल वारासिवनीच्या राईस मिलमध्ये कामाला, मुलगी श्रुतिका लग्नाची. प्रेमलालचं जाणं-येणं म्हणजे काय ते तेवढंच एक घर. संध्याकाळी गीता अंगणात तांदूळ निवडत बसायची आणि हा फाटकाजवळ उकिडवा बसून तिच्याशी हवापाण्याचं बोलायचा. सणाला वाटीभर काही इकडून तिकडे जायचं. तर श्रुतिकाला बघायला गोंदियाकडचे पाहुणे आले. गीतानं बाडीतली कोवळी लौकी तोडली, चण्याची डाळ घालून भाजी केली. पाहुण्यांच्या म्होरक्यानं पहिला घास तोंडात घातला आणि पानातच थुंकला. लौकी कडू जहर. पाहुणे अर्ध्या जेवणावरून उठले. सोयरीक काही भाजीवरून मोडली नाही, पोराला वेगळीच पसंत होती हे पुढे कळलं. पण तोवर गावानं ते पाप लौकीच्या माथी मारलं होतं, आणि लौकी प्रेमलालच्या बियाची. मग घरोघरच्या वेलांची फळं चिरून जिभेला लावली गेली. कोणाकडे एक वेल कडू निघाला, कोणाकडे दोन.

असं का झालं हे प्रेमलालला फार उशिरा उमगलं. त्याच्या आदल्या साली भजनवाल्या चैतरामनं त्याला एकतारीसाठी लौकीच्याच जातीचा कडू तुंबा लावायला सांगितलं होतं. "कडू तुंब्याले कीड लागत नाही, प्रेमलाल. दोन पिढ्या वाजंल," तो म्हणाला होता. देवाचं काम म्हणून यानं कुंपणावर तुंब्याचा वेल चढवला. शेजारीच गोड लौकीचा मांडव. तुंब्याचा नि लौकीचा फुलोरा एकाच वेळी आला, आणि माश्यांना काय, त्या या फुलावरून त्या फुलावर. त्या वर्षीचं फळ गोडच होतं, यानं त्या वेलाचं कोवळं फळ चिरून, चाखूनच बी धरलं होतं. कडूपणा त्या बियाच्या पोटात होता.

तो हे सांगायला गीताच्या फाटकाशी गेला.

"वहिनी, चूक माझी नाही असं नाही म्हनत मी. पन थे माश्यांनी..."

गीता सूप झटकत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "आता माश्यांवर ढकला, भाऊ," ती म्हणाली आणि आत गेली.

तेव्हापासून त्या फाटकाशी बसणं बंद झालं. गीता गल्लीतून जाताना पदर सावरून पलीकडे बघायची. प्रेमलालला ते फार लागलं. घरात कोणी नसणं अंगवळणी पडतं, पण समोर राहून कोणी न बोलणं, याची सवय होत नाही.

पुढची अक्ती आली. ऊन असं की बाडीतली माती पायाला चटके देत होती. प्रेमलालनं विहिरीचं पाणी ओढून अंगण सारवलं, गोणपाट झटकून अंथरलं, साखर-पत्तीचा पुडा आणून ठेवला. मडकी बाहेर मांडली. लौकीचं मडकं त्यानं मागे ठेवलं. दुपारपर्यंत गल्लीतून बायका गेल्या, पाण्याला गेल्या, दळणाला गेल्या. ज्यांची नजर चुकून इकडे आली त्यांनी ती घाईनं उचलून नेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जिजाबाई काठी टेकत आली आणि फाटकाबाहेरच उभी राहिली. जिजाबाई म्हणजे आमच्या गावचा आकाशवाणीचा मनोरा. तोंडाची फटकळ, मनात काही ठेवायची नाही.

"या न काकी. बसा. च्या ठेवतो," प्रेमलाल लगबगीनं उठला.

"बसाले नाही आलो, पोरा. तुले सांगाले आलो. नोको वाट पाहत बसू. बायका पाकिटाचं बी आनून राह्यल्या यंदा. बचत समूहातल्या बाया वारासिवनीले चालल्या."

"दोडक्याचं तं चांगलं आहे न माझं. सेमीचंही..."

"मले सांगून काय करतं? एक नासकं निघालं का साऱ्या टोपल्याले नाव पडते. पाकीट बिघडलं तं कंपनीले शिव्या देता येते, बाप्पा. तुले कोन देईल? तू घरचा मानूस."

ती वळली आणि काठी टेकत गेली. घरचा माणूस म्हणाली, आणि घरात पाय टाकला नाही. प्रेमलाल दिवस मावळेपर्यंत खांबाला टेकून होता. मग उठला, लौकीचं मडकं बाडीत नेलं आणि सगळं बी शेणीच्या आगीत ओतलं. मायच्या हातापासून चालत आलेलं वाण होतं ते. ते तडतडलं तेव्हा त्याला रडू आलं, आणि आपल्याला रडताना बघायलाही कोणी नाही म्हणून आणखी आलं.

दुसऱ्या दिवशी तो बसनं वारासिवनीला गेला. एवढं ठरवून गेला होता की लौकीचं चांगलं बी आणायचं, कुठूनही. बी चांगलं असलं की बायका येतील.

बाजाराचा दिवस होता. आधी तो भाजीच्या ओळीत फिरला. एक भाजीवाली बाई भाजीशेजारी पोत्यावर सुट्या बियाचे छोटे ढीग मांडून बसली होती. तो उकिडवा बसला. दोडक्याचं बी चिमटीत घेऊन पाहिलं. काळं, भरलेलं, एका काठाला थोडं चपटं. हे वाण तो झोपेतही ओळखला असता.

"कोन्या गावचे, दादा?" बाईनं विचारलं.

त्यानं गावाचं नाव सांगितलं.

"मंग इथं काहून येऊन राह्यले बी घ्याले? तुमच्या गावात थो बीवाला भाऊ हाय न. हे दोडक्याचं त्याच्याच घरचं. माझ्या ननंदेनं आनलं होतं. सात सालापासून लावतो मी. कसा हाय थो? बरा हाय न?"

प्रेमलालच्या हातातलं बी हातातच राहिलं. आपण आहोत म्हणावं, असं क्षणभर ओठांवर आलं. पण मग ती विचारणार, मग स्वतःच का हिंडता? त्याचं उत्तर भर बाजारात काय द्यायचं?

"नाही देत थो आता," तो म्हणाला.

"अरेरे. गेला का?"

"हौ," तो म्हणाला आणि बी परत ढिगात टाकलं. लौकीचं बी तिच्याजवळ नव्हतं. लौकी ती पाकिटाचीच लावायची.

बसस्टँडच्या मागे बियाण्याची तीन दुकानं ओळीनं होती. पहिल्या दुकानदारानं कानावरून फोन काढला नाही. दुसऱ्याकडे धानाच्या बियाण्याची गर्दी, पाव मूठ लौकीच्या गिऱ्हाईकाला कोण विचारतो. तिसऱ्यात अंकित नावाचा पोरगेला दुकानदार होता, केस चापून बसवलेले, बोलायला हुशार.

"बोलो काका."

"लौकीचं बी दाखव न, भाऊ."

अंकितनं काचेवर पाकिटं फेकली, पत्ते टाकावेत तशी. सगळ्यांवर लौकीचे फोटो, हिरव्यागार, एकसारख्या, कुठे डाग नाही. प्रेमलालनं एक एक उलटसुलट केलं. फोटोवरून त्याला काय कळणार होतं? बी दिसत नव्हतं, वास येत नव्हता.

"कडू तो नही निकलती?" त्यानं विचारलं.

"कंपनी का माल है काका. कडवी का सवाल ही नहीं."

"पन बी किसके घर का है? किसके बेल का?"

अंकित हसला. "किसके घर का मतलब? कंपनी का है, बोला ना. ये वाला ले जाओ. सब यही ले जा रहे. बस एक बात, इसके फल का बीज मत रखना. अगले साल गड़बड़ फल आएगा, कोई लंबा, कोई टेढ़ा. हर साल नया लेना."

प्रेमलालनं मान हलवली. पाकिटं घेतली, एक तिथेच फोडायला लावलं. आत बी गुलाबी होतं, लग्नातल्या बुंदीसारखं. त्यानं एक उचललं आणि सवयीनं दाताखाली धरलं. बी वाळलंय का नाही ते असंच बघतात, त्याची माय बघायची, आम्ही सगळे बघतो.

"अरे ओ काका! थूको! थूको! जहर है उसमें, दवाई लगी है!"

अख्खं दुकान वळलं. अंकितनं काउंटरवरून हात लांबवून त्याचा खांदा धरला आणि त्याला नालीकडे ढकललं. कोणीतरी तांब्या दिला. प्रेमलाल नालीवर वाकून चुळा भरत राहिला, जीभ बधिर झालेली, ओठांना गुलाबी रंग. मागे कोणी म्हणालं, "भूख लगी होगी बेचारे को." हसले सगळे. अंकित वाईट नव्हता, त्यानं काळजीनं दोनदा विचारलं, चक्कर तर येत नाही ना. पण हसला तोही. प्रेमलालनं गमछ्यानं तोंड पुसलं आणि पाकिटं पिशवीत घालून बसस्टँडवर येऊन बसला. रुसावं तरी कोणावर? तो बसच्या खिडकीशी डोकं टेकून गावापर्यंत आला.

घरी येऊन त्यानं दार लोटून घेतलं आणि घमेल्यात पाणी घेऊन ते बी धुतलं. पहिलं पाणी लाल झालं, दुसरं गुलाबी, तिसरंही गुलाबीच. बोटांनी चोळून चोळून तो एकेका बियाचा रंग काढत होता, पोराचं तोंड पुसावं तसा. फार वेळ भिजू दिलं नाही, भिजलं तर आतला कोंब जागा होऊन मरतो. ते विषारी पाणी कोंबड्यांनी पिऊ नये म्हणून बाडीच्या कोपऱ्यात खड्डा करून ओतलं, वर माती लोटली. बी सावलीत वाळवलं, राख चोळली. मग मडक्यात भरून पाहिलं. अगदी त्याच्याच घरचं दिसत होतं. हात मात्र लालच राहिले. राख लावली, माती लावली, रीठा लावला, निघेना.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः जिजाबाईच्या ओट्यावर गेला.

"काकी, लौकीचं नवं वान आनलं. मामाच्या गावचं. वैनगंगेपलीकडचं."

"गोड हाय का?"

"साखर."

जिजाबाईनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. काय वाटलं तिला देव जाणे, पण दुपारपर्यंत मनोऱ्यानं बातमी गावभर दिली. बायकांना पाकिटासाठी उन्हातान्हात वारासिवनी गाठायचा कंटाळाच होता. मामाच्या गावचं म्हटल्यावर आयतं निमित्त मिळालं, आणि ऊन कललं तशी एक आली, दोन आल्या, मग अंगण भरलं. सुपात तांदूळ पडू लागले. पोरं मडक्यांशी झोंबू लागली. प्रेमलाल चहावर चहा ठेवत होता. जिजाबाईनं त्याचे लाल हात धरले.

"अवो, पाहा बायांनो, प्रेमलालनं मेंदी लावली! कोनाच्या नावाची रे?"

अंगणात जो हशा पिकला तो चार घरं पलीकडे ऐकू गेला. "नवरी कोनती भाऊ?" "वरात कवा?" "मामाच्या गावचीच असंल!" बायका लोळायच्या बाकी राहिल्या. प्रेमलाल खाली मान घालून हसत होता. त्याची थट्टा चालली होती, आणि त्याला वाटत होतं ही थट्टा दिवेलागणीपर्यंत चालावी, उद्याही चालावी. खोटेपणाची टोचणी होती, नाही असं नाही. पण एवढ्या माणसांत बसल्यावर ती टोचणी कोणाला ऐकू येते?

गीता सगळ्यात शेवटी आली. बसली नाही. पदर पुढे केला. त्यानं मोजून, निवडून लौकीचं बी तिच्या पदरात टाकलं.

"मामाच्या गावचं आहे न, भाऊ?"

"हौ," तो म्हणाला.

पाऊस लागला, वेल मांडवावर चढले, आणि पोळ्याच्या सुमाराला घरोघर लौक्या लोंबू लागल्या. कशा? पाकिटावर होत्या तशा. सरळ, हिरव्यागार, एका साच्यातून काढल्यासारख्या. "तुझ्या मामाच्या गावची माती मोठी शिस्तीची दिसते," जिजाबाई म्हणाली. बायका खूश. एकीनं शेजारच्या गावच्या बहिणीला दिल्या, तर ती बी मागायला आली. श्रुतिकाची दुसरीकडे सोयरीक जुळली, लांजीकडची, आणि साखरपुड्याच्या जेवणात गीतानं मुद्दाम लौकीचा हलवा केला. व्याह्यांनी मागून घेतला. दुसऱ्या दिवशी गीता हलव्याची वाटी घेऊन गल्ली ओलांडून आली.

"भाऊ, गेल्या साली जे गेलं थे तुमच्याच बियानं परत आनलं," ती म्हणाली आणि ओसरीत बसली.

मग ती येत राहिली. धान कापणी झाली, थंडी पडली. संध्याकाळी कधी ती सूप घेऊन याच्या ओसरीत येई, कधी हा तिच्या फाटकाशी बसे. श्रुतिकाच्या सासरचं, बाबूलालच्या खोकल्याचं, मिलमधल्या भांडणाचं ती सांगायची. हा "हौ", "मंग?" एवढंच म्हणायचा. पण दिवसभर बाडीत कुंपणाच्या काट्या बांधताना त्याला संध्याकाळची वाट असायची. तो हिवाळा त्याचा चांगला गेला.

माघात रीतीप्रमाणे जून लौक्या परत येऊ लागल्या. प्रत्येकीनं आपल्या वेलावरची सगळ्यात देखणी राखून ठेवली होती. गीतानं आणलेली तर हातभर लांब. प्रेमलालनं त्या सगळ्या आढ्याला टांगल्या. वाऱ्यानं आत बी खुळखुळायचं. त्या बियाचा काही उपयोग नाही, हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. होळी झाल्यावर तो पुन्हा वारासिवनीला जाऊन आला, आणि नवी पाकिटं पेटीत धोतराखाली ठेवली. आता दर वर्षी हेच, त्यानं मनाशी ठरवलं होतं. दर वर्षी धुवायचं, दर वर्षी राख लावायची. कोणाचं काही बिघडत नाही.

अक्ती तोंडावर आली असताना एका दुपारी गीता आली. श्रुतिकाचं लग्न आठवड्यावर होतं, ती दमलेली होती, पण चेहरा उजळलेला. ओसरीत पाय पसरून बसली, पाणी प्यायली.

"एक काम होतं, भाऊ."

"सांगा न."

"पोट्टी जाईल आता. सासरी बाडी मोठी आहे म्हनते, पन पडीक. सासू म्हनली, सून आली का लावू. माझ्या मायनं मले बी बांधून देलतं, तसं मी तिले देतो. दोडक्याचं, सेमीचं बांधलं. लौकीचं तुमी द्या." ती आढ्याकडे बघत होती. "थे माझं फळ हाय न, थेच फोडा. माझ्या हातच्या वेलाचं बी न्यावं तिनं. तिथं बी धरंल, सासूले दाखवंल, मायघरचं हाय म्हनून."

प्रेमलाल उठला आणि आत गेला. आत जाऊन नुसता उभा राहिला. हे बी श्रुतिका लावेल आणि वाकडीतिकडी, नाना परीची फळं येतील. नवी सून, नवं घर. आईनं काय बी दिलं म्हणतील. पेटीत नवं पाकीट होतं. "संध्याकाळी या वहिनी, फोडून ठेवतो" म्हटलं की झालं. एक दुपार पुरली असती धुवायला. पहिलं वर्ष निभलं असतं. पण पोरगी त्याचंच बी धरणार, मायघरचं म्हणून जपणार, आणि पुढच्या साली तिच्या दारात तेच होणार जे तिच्या आईच्या दारात झालं होतं. त्या वेळी त्याला माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं.

तो रिकाम्या हातानं बाहेर आला आणि तिच्यापासून जरा लांब बसला.

"वहिनी, थे बी नोका देऊ पोरीले."

"काहून?"

"बिघडते थे. पुढच्या साली फळ धड येत नाही." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "मामाच्या गावचं नाही थे. मामा मरून जमाना झाला. दुकानातलं पाकीट होतं. वारासिवनीचं. रंग धुतला, राख लावली आनं देलं."

गीतानं पुन्हा आढ्याकडे पाहिलं. बाहेर कोंबडी माती उकरत होती.

"आमाले सांगतलं असतं तं?" ती म्हणाली.

"तुमी आल्या नसत्या."

तिनं हे ऐकलं, पण ते तिच्या ध्यानात आलं की नाही, सांगता येत नाही. ती हिशोबी बाई, आठवड्यावर लग्न, डोक्यात पन्नास कामं. "मंग पोरीले काय देऊ?"

"नवं पाकीट द्या. दर साली नवं घ्याले सांगा. बसस्टँडच्या मागं तिसरं दुकान, अंकित नावाचा पोरगा आहे. चांगला आहे. बी तोंडात नोका घालू तेवढं."

"बरं झालं सांगतलं, भाऊ. पोरीचं वाचलं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. रागावली नव्हती. तिनं पदर खोचला आणि खऱ्याच नवलानं विचारलं, "पन मंग आमी इतक्या बाया इथं काहून येत होतो?"

प्रेमलालजवळ याचं उत्तर होतं. वर्षानुवर्षं होतं. पण ते बाईमाणसाला उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

"बसाले येत जा, वहिनी," तो एवढंच म्हणाला.

"हौ, येईन न," गीता म्हणाली आणि लग्नाच्या घाईत गेली.

तिनं कोणाजवळ त्याची निंदा केली नाही. खरं तेवढं सांगितलं, पोरीबाळींचं नुकसान नको म्हणून. लग्न पार पडलं, श्रुतिका लांजीला गेली. बाबूलालनं मिलमधून येताना समूहातल्या सगळ्यांची सगळ्या भाज्यांची पाकिटं एकदमच आणली, मोटारसायकलच्या डिक्कीत भरून, आणि एक जिजाबाईलाही दिलं.

अक्तीच्या दिवशी प्रेमलालनं सडा घातला आणि गोणपाट अंथरलं. सकाळपासून गल्लीतून बायका जात होत्या. मागच्या साली त्या तोंड फिरवून जात, तेव्हा निदान राग होता, आणि राग उतरायची वाट पाहता येत होती. यंदा कोणी तोंड फिरवलं नाही. प्रत्येक बाई फाटकापाशी क्षणभर थांबत होती, आपलेपणानं हसून विचारत होती आणि पुढे जात होती.

"काय भाऊ, जेवन झालं?"

"हौ, झालं," प्रेमलाल प्रत्येकीला सांगत होता. चूल त्यानं पेटवलीच नव्हती.